सातबाऱ्यावरचं रान

२०१८मध्ये वर्ध्यात एक निवडणूक झाली. उमेदवार सगळे अपक्ष, आणि सगळेच पक्षी. ‘बहार नेचर फाउंडेशन’ या स्थानिक संस्थेच्या पुढाकारानं शहराचा मानाचा पक्षी निवडायचा होता. शाळकरी पोरांनी त्यात हिरिरीनं मतं टाकली आणि नीलपंख निवडून आला.

निवड चुकीची नव्हती. पऱ्हाटीच्या वावरात विजेच्या तारेवर तो बसलेला असतो तेव्हा मातकट, गबाळा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला दिसतो. खाली नाकतोडा हलला की तारेवरून सूर मारतो आणि पंख उघडतो. मग गडद निळा आणि फिकट आकाशी असे दोन पट्टे एकदम डोळ्यांत भरतात. कुणी त्याला चास म्हणतं, कुणी टास, कुणी नीलकंठ. दसऱ्याला सोनं लुटायला निघताना तो दिसला तर वर्ष चांगलं जातं, असं मानणारी घरं विदर्भात आजही आहेत. कर्नाटक, ओडिशा आणि तेलंगणा या तीन राज्यांनी त्याला राज्यपक्षी केलं आहे. एवढा मान असलेल्या पक्ष्याला धोका कसला, असं कुणालाही वाटेल.

पाच वर्षांनी, २०२३मध्ये, ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरातल्या सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी हौसेनं केलेल्या तीन कोटी नोंदींवर तो उभा होता. अहवालात ९४२ जातींचा हिशेब होता आणि नीलपंख घटणाऱ्यांच्या रांगेत होता. ही घट एवढी की जागतिक लाल यादीतलं त्याचं स्थान पुन्हा तपासावं, अशी शिफारस अहवालानं केली. कारण लाल यादीत तो तेव्हा ‘चिंता नको’ या खान्यात बसला होता. शिकारीपासून कायदा त्याला वाचवतो, पण शिकार हा त्याचा आजार नाहीच. तो स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्यानं सोडलेल्या किंवा कुजून पोकळ झालेल्या खोडात मार्च ते जूनच्या सुमारास तो अंडी घालतो. धुऱ्यावरचं वठलेलं मोहाचं किंवा आंब्याचं झाड सरपणाला गेलं की त्याचं घर गेलं. वावरातले किडे फवारणीनं संपले की ताट गेलं. यात बेकायदेशीर काही घडलेलं नसतं. वावर शेतकऱ्याचं, सरपण त्याचं, फवाराही त्याचाच.

सरकारनं राखलेलं जंगल आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचं रान यांच्यातली ही फट भरायची कुणी, हा आजचा प्रश्न आहे. भरायची असेल तर स्वखुशीनंच भरावी लागते. पोलीस लावून धुऱ्यावरची झाडं राखता येत नाहीत.

आधी सरकारी बाजू पाहू. वर्धा जिल्हा सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा. बोर अभयारण्य १९७०चं. २०१४मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं तेव्हा गाभा क्षेत्र होतं १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यांत छोट्या प्रकल्पांपैकी एक. त्यातलाही काही भाग नागपूर जिल्ह्यात मोडतो. एका नर वाघाला सहज पन्नास-शंभर चौरस किलोमीटर मुलूख लागतो. त्यामुळे बोरमध्ये जन्मलेला जवळपास प्रत्येक बछडा वयात आला की बाहेर पडणार, हे ठरलेलं. पुढे बफर क्षेत्र जोडलं गेलं आणि एकूण पसारा ८०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेला. पण बफर म्हणजे काय, तर गावं, वावरं, संत्र्याच्या बागा, गुरांची कुरणं. तिथे वाघ राहतो तो शेजारी म्हणून. मेळघाट, पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या तिन्ही दिशांच्या वाटा अशाच वावरांमधून जातात.

या वाटांवर काय होतं ते २०१७ या एका वर्षात वर्ध्यानं पाहिलं. त्या वर्षाकडे जरा थांबून पाहायला हवं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले केलेली एक तरुण वाघीण जुलैमध्ये पकडली गेली. वन खात्याच्या कागदावर तिचं नाव टी-२७ सी-१. गळ्यात रेडिओ कॉलर घालून महिनाअखेरीस तिला बोरमध्ये सोडलं. बोरमध्ये ती टिकली नाही. जंगल तिच्या ओळखीचं नव्हतं आणि तिथे आधीपासून वाघ होते. ती निघाली ती चालतच राहिली. वावरं, नाले, रस्ते ओलांडत अडीच महिन्यांत तिनं सुमारे पाचशे किलोमीटर पायपीट केली. वाटेत पुन्हा माणसं मारली गेली, गावागावांत भीती पसरली, तिला गोळ्या घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. एवढा सगळा फौजफाटा मागावर असताना तिला संपवलं ते एका तारेनं. १४ ऑक्टोबरला कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात, रानडुकरांसाठी वावराभोवती लावलेल्या वीज सोडलेल्या तारेला चिकटून ती मेली.

त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, बोरमधला ‘बाजीराव’ हा नर वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. महामार्गाचा विषय वेगळा. तिथे पूल आणि भुयारं सरकारलाच बांधावी लागतात. तारेचा विषय मात्र शेतकऱ्याच्या हातातला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

ती तार लावणारा शेतकरी वाघाचा वैरी नसतो. वाघ त्याच्या हिशेबातच नसतो. त्याच्या हिशेबात असतं रानडुक्कर आणि रोही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा किंवा भुईमूग असा उकरून टाकतो की सकाळी त्या वावरात पीक होतं हे सांगावं लागतं. नुकसानभरपाई आहे. तीन दिवसांत कळवायचं, मग पंचनामा, मग वाट पाहायची. दुसरा उपाय जागलीचा. मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवायचे, बॅटरी मारायची, फटाके फोडायचे. पेरणीपासून काढणीपर्यंत महिनोन्‌महिने रात्री जागलेला माणूस दिवसा शेत कसं करणार? मग कुणीतरी मोटरपंपाच्या पेटीतून किंवा थेट वाहिनीवर आकडा टाकून वावराभोवतीच्या तारेत वीज सोडतो. खुंट्या ठोकायच्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर साधी तार ओढायची, काम एका संध्याकाळचं.

या तारेत घरातल्यासारखाच अखंड प्रवाह असतो. जनावर चिकटलं की स्नायू आवळले जातात आणि सुटका होत नाही. रानडुकराचं वजन आणि वाघाचं वजन तार ओळखत नाही. माणसाचंही नाही. अशा तारांना चिकटून शेतकरी आणि शेतमजूरही मेले आहेत. याउलट विदर्भात ज्याला ‘झटका मशीन’ म्हणतात त्या सौर कुंपणात दाब काही हजार व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाला एकदा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. जनावराला सणसणीत चटका बसतो, ते मागे उडी मारतं आणि दुसऱ्यांदा त्या बाजूला फिरकत नाही. एक बॅटरी, एक पाटी, एक डबा आणि तारा. दोन्ही कुंपणं लांबून सारखीच दिसतात. एकानं पीक वाचतं, दुसऱ्यानं जीव जातात. राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५पासून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना सौर कुंपण आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी अनुदान मिळतं. वन्यजीवांसाठी सरकारनं काढलेल्या योजनांत ही योजना कमी गाजली, पण शेतकऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करणाऱ्या मोजक्या योजनांपैकी ती आहे. अडचण एकच. झटका मशीनची तार रोज तपासावी लागते. खाली गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत जिरतो. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. चार-पाच वावरांनी मिळून कुंपण केलं तर तारही कमी लागते आणि राखणही वाटून घेता येते.

रात्रीच्या विजेचा मुद्दा याला जोडूनच येतो. शेतीपंपांना काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री वीज, हे चक्र विदर्भातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एक वाजता वावरात उतरणारा माणूस आणि त्याच वेळी नाल्याकाठानं निघालेला वाघ एकाच पायवाटेवर असतात. जंगलालगतच्या गावांची जुनी मागणी आहे की आम्हाला वीज दिवसा द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं उद्दिष्टही शेतीला दिवसा वीज देण्याचंच आहे. बोरच्या भोवतालच्या गावांना ती सगळ्यांत आधी मिळाली, तर तेवढ्यानं जे वन्यजीव संरक्षण होईल ते शंभर जनजागृती फेऱ्यांनी होणार नाही.

स्वखुशीच्या संरक्षणाला भारतीय कायद्यात जागा नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीनं ‘समुदाय राखीव क्षेत्र’ ही तरतूद आली. एखाद्या व्यक्तीनं किंवा गावानं आपली जमीन आणि तिथले वन्यजीव राखायची स्वतःहून तयारी दाखवली तर शासन ती जमीन असं क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मालकी मालकाकडेच राहते. मेघालय आणि नागालँडमध्ये अशी क्षेत्रं मोठ्या संख्येनं झाली. आपल्याकडे हा रस्ता फारसा मळलेला नाही आणि कारण त्याच कलमात दडलेलं आहे. एकदा क्षेत्र जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर राज्य शासनाची मंजुरी लागते. चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कुणी वाचून दाखवलं तर तो हात जोडून उठेल. पोराच्या शिक्षणासाठी उद्या तुकडा विकावा लागला तर काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

हीच भीती अमेरिकेत वेगळ्या रूपात दिसली होती. नॉर्थ कॅरोलायनात एक छोटा सुतार पक्षी आहे. तो जुन्या, जिवंत पाइन झाडांतच ढोली कोरतो. १९७३च्या कायद्यानं त्याला कडक संरक्षण मिळालं, इतकं की ज्याच्या जमिनीवर त्याचं घरटं सापडलं त्याच्या झाडतोडीवर बंधन आलं. जमीनमालकांनी त्यातून सरळ अर्थ काढला: पक्षी येण्याएवढी झाडं म्हातारी होऊच द्यायची नाहीत. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या तेव्हा पक्ष्याचा वावर असलेल्या भागाजवळची झाडं खरोखरच लवकर तोडली गेल्याचं दिसलं. कायदा पक्ष्यासाठी, आणि त्याच कायद्याच्या धाकानं त्याचं घर आडवं. १९९५मध्ये तिथल्या सँडहिल्स भागात तोडगा निघाला. मालकाशी करार करायचा. आज जेवढे पक्षी आहेत तेवढ्यांची काळजी तो घेईल, आणि त्याच्या राखणीमुळे उद्या जास्त आले तर त्यांचं नवं ओझं त्याच्या मानेवर येणार नाही. बागायतदारांपासून गोल्फ मैदानांच्या मालकांपर्यंत लोक करारावर सह्या करायला पुढे आले. २०२४मध्ये या सुताराला ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ या गटातून ‘धोक्यात’ या जरा बऱ्या गटात आणलं गेलं. यात सरकारी जंगलं आणि संशोधकांनी झाडांत बसवलेल्या कृत्रिम ढोल्यांचाही मोठा वाटा आहे; पण करारानं भीती काढली नसती तर खासगी जमिनीवरची झाडं टिकली नसती.

भीती काढायची आणि तोटा वाटून घ्यायचा, एवढ्या दोन गोष्टी जमल्या तर आपल्याकडेही गावं पुढे येतात. त्याला दाखले आहेत, आणि फार लांब जायची गरज नाही.

अकोला-वाशीम पट्ट्यात तणमोर हा माळरानावरचा पक्षी पावसाळ्यात विणीला येतो. नर गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला बोलावतो, दिवसभरात शेकड्यांनी उड्या. २०२१मध्ये त्याला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं गेलं. तो कुठे बसतो, कोणत्या गवतात अंडी घालतो हे फासेपारध्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तित्तर-लाव्हे धरण्यावर त्यांचं पोट होतं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, स्वातंत्र्यानंतर शिकारबंदीनं उरलंसुरलं साधन गेलं. ‘संवेदना’ या संस्थेनं त्यांच्याशी बोलणं सुरू केलं ते याच ज्ञानाला मान देऊन. गवताळ माळ चराई आणि वणव्यापासून राखायचा, हंगामानंतर तेच गवत कापून चारा म्हणून वापरायचं, आणि तणमोराची जागा सांगायची ती फासा लावायला नाही. ज्यांना पोलिसांनी आणि वनरक्षकांनी हाकललं तेच माळाचे राखणदार झाले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२मध्ये गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळताच ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला हमखास पैसा. पण पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि पक्ष्यांची वीणही त्याच दिवसांत असते. गावानं बांबूवर भिस्त ठेवली. जंगलाचा एक भाग तर असाच सोडला, तिथून कुणी काही आणायचं नाही. हे कुठल्या वनाधिकाऱ्यानं सांगितलं नव्हतं. गोंदियात सारसांची घरटी धानाच्या बांधीत होतात. अंडी असलेल्या बांधीत काढणी पुढे ढकलणारे शेतकरी आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते नसते तर महाराष्ट्रातून सारस केव्हाच उठला असता. आजही राज्यात सारसांची संख्या चाळिशीच्या आत आहे.

वर्ध्याला हे वळण परकं नाही. गांधीजी १९३६मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा तो सगळा मुलूख सापविंचवांचा होता. आश्रमात सापाला मारायचं नाही, असा दंडक पडला. आजही सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायचा पिंजरा पाहायला मिळतो. चिमटा लांब आहे, कातरीसारखा उघडमीट होणारा. सापाला धरायचं, पिंजऱ्यात घालायचं, लांब रानात सोडून यायचं. अहिंसेवरच्या व्याख्यानापेक्षा हा चिमटा महत्त्वाचा. सापाला मारू नका म्हणणाऱ्यानं न मारता काय करायचं याचं अवजारही हातात दिलं होतं.

आणि वर्ध्याची गावं कामाचं नियोजन करू शकतात का, ही शंका तर कुणी काढूच नये. वाघिणीच्या पायपिटीचंच ते वर्ष, २०१७. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे छोटं आदिवासी गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. ८ एप्रिल ते २२ मे, विदर्भातलं ऊन, आणि गाव टेकडीवर चर खणत होतं. उतार मोजायचा, समपातळीच्या रेषा आखायच्या, कुठे चर, कुठे बांध, कुठे शेततळं हे ठरवायचं, रोजची मोजणी लिहून ठेवायची. पन्नास लाखांचं बक्षीस मिळालं. पाण्यासाठी जे गाव शिवाराचा नकाशा काढून बसू शकतं ते पक्ष्यांसाठी आणि प्राण्यांसाठीही बसू शकतं. फरक एवढाच की पाण्याचा फायदा पुढच्याच हंगामात विहिरीत दिसतो आणि नीलपंखाचा फायदा असा बादलीनं मोजता येत नाही. तो नाकतोडे आणि भुंगेरे खातो हे खरं, पण त्यावर क्विंटलचा हिशेब मांडून शेतकऱ्याला भुलवू नये.

गावाकडे आराखड्यासाठी वही मात्र आधीच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची ‘लोकजैवविविधता नोंदवही’ सक्तीची केली. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते मासे, कोणतं बियाणं, कुणाला काय माहीत आहे, हे सगळं गावानं स्वतः लिहायचं. डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी या कल्पनेसाठी आयुष्य वेचलं. पुढे काय झालं? बरीच वर्षं वह्या कोऱ्याच राहिल्या. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांच्या दंडाची तंबी दिली. महाराष्ट्रात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती. मुदतीचा रेटा आल्यावर अशा वह्या कशा भरल्या जातात हे सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी उचलायची, नाव बदलायचं, सरपंचाची सही घ्यायची. लोकांची नोंदवही लोकांना न विचारता तयार होण्याची ही गंमत आपल्याच देशात घडू शकते.

तरी ती वही टाकाऊ नाही. उघडून पुन्हा लिहिता येते, दरवर्षी भर घालता येते. त्यात झाडांच्या, पक्ष्यांच्या यादीपुढे एक पान वाढवायचं: गाव यांच्यासाठी काय करणार.

त्या पानावर वर्ध्याच्या एखाद्या गावानं काय लिहावं? पहिली नोंद ई-क्लास जमिनीची. विदर्भात गायरानाला हेच नाव आहे आणि प्रत्येक गावात ती कागदावर आहे. प्रत्यक्षात किती उरली, कुणी किती दाबली हे तलाठ्याच्या नकाशावरून काढता येतं. तिच्या जोडीला झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहाच जिल्ह्यांत सापडणारी ही महसुली जात. ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २२ मे २०२५ला निकाली निघाला आणि ही जमीन वनच आहे, असं न्यायालयानं म्हटलं. विकासात अडथळा म्हणून या जमिनीला आजवर बोटं मोडली गेली. पण लांडगा, कोल्हा, काळवीट, तित्तर यांना दाट जंगल नकोच असतं. त्यांना हीच खुरटी, काटेरी, उघडी जमीन हवी असते. तिथे हौसेनं दाट वृक्षारोपण करणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं. ही चूक सरकारी खातीही करतात आणि निसर्गप्रेमीही.

या माळावर गुरं चरतात, आणि त्यांना हाकलून आराखडा होणार नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पांढरीशुभ्र, सडपातळ, चालायला काटक अशी ही जात गवळी समाजानं जंगलाच्या कडेला चारूनच घडवली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्रही आहे. चराईची पाळी लावली, एखादा तुकडा पावसाळाभर राखला आणि दिवाळीनंतर गवत कापायला दिलं, तर गाय आणि तित्तर दोघंही जगतात. तणमोराच्या माळावर हेच चाललं आहे. कोणता तुकडा कधी बंद, हे गवळ्यांना बसवूनच ठरवावं लागेल. त्यांना वगळून लिहिलेली नोंद महिनाभरही टिकणार नाही.

दुसरी नोंद पांदणींची. दोन बाजूंना बोर, बाभूळ, पळस, निवडुंगाच्या कुंपणाची ही जुनी वाट. रस्ता रुंद करताना जेसीबी दोन्ही बाजू साफ करतो. गावानं ठरवलं तर एक बाजू राखता येते. ट्रॅक्टर तरीही जातो. तिसरी नोंद धुऱ्यावरच्या जुन्या झाडांची. गावात ढोल्या असलेली झाडं मुळात बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. ती कुणाच्या वावरात आहेत, तो माणूस ती ठेवायला तयार आहे का, नसेल तर झाडाखाली पडणाऱ्या सावलीनं जाणारं त्याचं दोन ओळींचं पीक गाव भरून देईल का? हा प्रश्न ग्रामसभेत मांडायला संकोच वाटतो, पण खरा करार इथेच होतो. चौथी नोंद तारांची: गावात झटका मशीन किती, उघडी वीज सोडणारे किती. दुसरा आकडा कुणी उघड सांगणार नाही, म्हणून कुणावर गुन्हा नोंदवण्याआधी त्यांना सौर कुंपण मिळेल असं पाहावं.

हे सगळं करून वाघ-माणूस संघर्ष संपेल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य शासन २५ लाख रुपये देतं. ज्या घरातला माणूस गेला त्या घरानं शेजारधर्म पाळावा ही अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे. स्वखुशीची योजना ही संकटात सापडलेल्या गावावर लादायची गोष्टच नाही. ती संकटाच्या आधी करायची असते, प्राणी अजून नामशेष होण्याच्या टोकाला गेलेला नसताना, गावाचं आणि त्याचं वाकडं आलेलं नसताना. त्या दृष्टीनं वर्ध्यानं सुरुवातीला वाघाऐवजी नीलपंख धरावा हे बरं. त्याच्यामुळे कुणाचं ढोर जात नाही, कुणाला रात्री भीती वाटत नाही, आणि त्याला जे लागतं, म्हणजे जुनी झाडं, थोडं गवत, कमी विष, त्यातलं बरंच लांडग्याला आणि तित्तरालाही लागतं.

वाचकांपैकी ज्यांच्या नावावर वर्ध्यात किंवा इतरत्र वावर आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही दाखवायला सांगावी. तो गावाचा दस्तऐवज आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि धुऱ्यावर वठलेलं, ढोली असलेलं झाड असेल व ते पाडायचं ठरलेलं असेल, तर होळीनंतर पाडू नये. पाऊस लागेपर्यंत, निदान जूनअखेरपर्यंत, ते उभं राहू द्यावं.